वाचक विचारतात: मत कुणाकडून कुणाकडे जातं?

गेल्या अंकात, लोकांच्या ओळखीपाळखीच्या जाळ्यातून मतं कशी पसरतात आणि संगणकावर त्याचं मॉडेल कसं मांडतात, यावर दोन पानांचा लेख होता. त्यावर नागपूर आणि आसपासच्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, प्रतापनगर: आमच्या सोसायटीत छतावर सोलर बसवायचं की नाही यावर वाद सुरू आहे. प्रोजेक्टसाठी तोच विषय घेतलाय. डीग्रूट, व्होटर, थ्रेशोल्ड अशी बरीच मॉडेलं दिसतात. सुरुवात कुठून करू? आणि बहुतेक लोक बाजूचे असताना निकाल उलटा कसा लागतो, हे त्यातून दिसेल का?

दिसेल, आणि त्यासाठी तीन माणसं पुरतात. आधी एक ठरवा: तुमच्या विषयात मत म्हणजे नेमकं काय? ‘किती पटतं’ हे 0 ते 100 मध्ये सांगता येत असेल तर डीग्रूट. नुसतं हो किंवा नाही, आणि लोक शेजाऱ्याचं बघून बदलतात, असं असेल तर व्होटर. मत नसून कृती असेल, म्हणजे ‘चार जणांनी केलं की मी करीन’, तर थ्रेशोल्ड. सोलरचा वाद पहिल्या प्रकारात बसतो.

मॉरिस डीग्रूट यांनी 1974 मध्ये मांडलेला नियम साधा आहे. दर फेरीला प्रत्येक जण आपलं आणि आपण ज्यांचं ऐकतो त्यांचं मत, ठरलेल्या वजनाने, सरासरीत घेतो. अ हा सेक्रेटरी, ब आणि क हे सभासद धरा. अ स्वतःच्या मताला 0.8 वजन देतो, ब आणि क यांना 0.1-0.1. ब हा अ ला 0.5 आणि स्वतःला 0.5 देतो. क हा अ ला 0.25, ब ला 0.25 आणि स्वतःला 0.5 देतो. सुरुवातीला अ 20 वर आहे, म्हणजे जवळपास विरोधात. ब आणि क दोघेही 80 वर.

पहिल्या फेरीनंतर अ 32, ब 50, क 65. दुसरीनंतर 37.1, 41 आणि 53. तिसरीनंतर 39.08, 39.05 आणि 46.03. शेवटी तिघेही 40 वर येऊन थांबतात. साधी सरासरी 60 होती, तिघांपैकी दोघे ठाम बाजूने होते, आणि तरी एकमत झालं ते विरोधाकडे झुकणारं. कारण वजनांचं गणित सोडवलं की शेवटच्या मतात अ चा वाटा दोन तृतीयांश, ब चा एक पंचमांश आणि क चा दोन पंधरांश निघतो. अ हुशार आहे म्हणून नाही, तर बाकीचे त्याचं ऐकतात आणि तो फारसं कुणाचं ऐकत नाही म्हणून. आणखी एक गोष्ट याच आकड्यांत आहे, ती सहसा कुणी लिहीत नाही. 50 च्या वर म्हणजे होकार धरलात, तर आमसभा चर्चेआधी घेतली असती तर ठराव 2 विरुद्ध 1 ने मंजूर, दोन फेऱ्यांनंतर घेतली तर 1 विरुद्ध 2 ने नामंजूर. फेऱ्यांची संख्या हासुद्धा मॉडेलचा भाग आहे, नुसतं शेवटचं उत्तर छापू नका.

चुका कुठे होतात? सगळ्यात जास्त वेळा मॅट्रिक्स (म्हणजे वजनांचा तक्ता) उलटं भरलं जातं. ओळ ही ऐकणाऱ्याची, स्तंभ ज्याचं ऐकतो त्याचा, आणि प्रत्येक ओळीची बेरीज 1. उलटं भरलंत तर वरच्या उदाहरणात अ पहिल्याच फेरीत 76 वर उडी मारतो. असं काही दिसलं की आधी ओळींच्या बेरजा तपासा. दुसरी चूक, स्वतःला शून्य वजन देणं. दोन माणसं फक्त एकमेकांचंच ऐकत असतील तर त्यांची मतं फेरीगणिक अदलाबदल होत राहतील, कधीच थांबणार नाहीत. तिसरी, दोन गट एकमेकांचं अजिबात ऐकत नसताना एकमताची वाट बघत बसणं.

आता खरी अडचण. तसं काही नसेल तर डीग्रूटमध्ये सगळ्यांचं शेवटी पटतं, आणि सोसायटीच्या मीटिंगला एकदा जरी गेलात तरी हे खोटं आहे हे कळतं. म्हणून हेका घाला. 1990 मध्ये फ्रीडकिन आणि जॉन्सन यांनी प्रत्येकाला आपल्या मूळ मताशी बांधून ठेवणारा एक भाग दिला. ज्याचा तो भाग पूर्ण, तो हलतच नाही. वरच्या उदाहरणात एकट्या ब ला 80 वर खिळवून ठेवा: अ आणि क दोघेही शेवटी 80 वर जातात, पण फार सावकाश. उरलेलं अंतर निम्मं व्हायला पाचेक फेऱ्या लागतात. अ लाही 20 वर खिळवलंत तर क बरोबर 50 वर अडकतो आणि वाद मिटत नाही. हे दोन रन करून बघा, प्रोजेक्टचं अर्धं प्रकरण तिथेच लिहून होईल.

व्होटर मॉडेलबद्दल थोडक्यात: एक माणूस यादृच्छिक निवडायचा, त्याने यादृच्छिक शेजाऱ्याचं मत उचलायचं. 1973 मध्ये क्लिफर्ड आणि सडबरी यांनी ते दोन प्रजातींच्या जागेसाठीच्या झगड्यावर मांडलं होतं. सलग जोडलेल्या जाळ्यात ते शेवटी एकमतावरच थांबतं, आणि ‘हो’ जिंकण्याची शक्यता ‘हो’ म्हणणाऱ्यांच्या डोक्यांवर नाही, तर त्यांच्या ओळखींच्या एकूण संख्येतल्या वाट्यावर ठरते.

स्वयंसेवक, सक्करदरा: एखादी अफवा वस्तीत तासाभरात पसरते. ओला-सुका कचरा वेगळा करा म्हणून आम्ही वर्षभर सांगतो, काही हालत नाही. लोक तेच, ग्रुप तेच. मग फरक काऊन पडते जी?

कारण दोन्हींचा पसरण्याचा नियम वेगळा आहे. बातमी एकदा कानावर पडली की काम झालं, एक माणूस पुरतो. सवय बदलायला दोन-तीन शेजारी प्रत्यक्ष करताना दिसावे लागतात. सेंटोला आणि मेसी यांनी 2007 मध्ये हा फरक नीट मांडला.

कागदावर करून बघा. गोलाकार 24 घरं काढा, प्रत्येक घराची ओळख डावीकडच्या दोन आणि उजवीकडच्या दोन घरांशी. नियम असा: ओळखीच्या चारपैकी दोन घरांनी सुरू केलं तर मी करीन. आता 1 आणि 2 नंबरच्या घरांना पटवा. 3 नंबरला दोन्ही दिसतात, ते सुरू करतं, मग 4, मग 5, दुसऱ्या बाजूनेही तसंच, आणि अख्खा गोल पूर्ण होतो. त्याऐवजी 1 आणि 13 या समोरासमोरच्या घरांना पटवा. कुणालाच दोन घरं दिसत नाहीत, आणि सगळं तिथेच थांबतं. मेहनत तेवढीच. मोहीम चालवणारे हमखास दुसरा प्रकार करतात, ‘प्रत्येक गल्लीत एक कार्यकर्ता’. अफवेला ते चालतं, कचऱ्याला नाही. आधी एकच गल्ली धरा, लागून असलेली घरं घ्या.

2010 मध्ये सेंटोला यांनी इंटरनेटवरच्या एका आरोग्य-गटात हे तपासलं. गुच्छागुच्छाच्या जाळ्यात सुमारे 54 टक्के लोकांनी नवी गोष्ट स्वीकारली, विखुरलेल्या जाळ्यात 38 टक्क्यांनी.

थ्रेशोल्डची, म्हणजे ‘किती जणांनी केल्यावर मी करीन’ या आकड्याची, ठेवण किती नाजूक असते, हे मार्क ग्रॅनोव्हेटर यांच्या 1978 च्या उदाहरणात दिसतं. शंभर माणसं, थ्रेशोल्ड 0, 1, 2 असे 99 पर्यंत. पहिला आपणहून सुरू करतो, त्याला पाहून दुसरा, आणि शंभरही सामील होतात. आता फक्त 1 थ्रेशोल्डवाल्या माणसाचा आकडा 2 करा. पहिला एकटाच राहतो. सरासरी जवळपास तीच, निकाल शंभरऐवजी एक.

मॉडेल करताना थ्रेशोल्ड संख्येत धरायचा की टक्क्यांत, हे आधी ठरवा. 25 टक्के धरलेत तर चार ओळखीवाल्याला एकच घर पुरतं, चाळीस ओळखीवाल्या किराणा दुकानदाराला दहा लागतात, म्हणजे ज्याच्यावर तुमची भिस्त तोच सगळ्यात उशिरा हलतो. आकडा अंदाजाने घालू नका. घरोघरी विचारा: ‘आजूबाजूच्या पाच घरांपैकी किती घरांनी केलं तर तुम्ही कराल?’ आणि एक मार्ग परतीचाही ठेवा. नेहमीच्या थ्रेशोल्ड मॉडेलमध्ये एकदा सुरू केलं की कायमचं. प्रत्यक्षात दोन डब्यांतला कचरा गाडीत एकत्र पडताना दिसला की बाई दुसऱ्या दिवशी एकच डबा आणते. दर फेरीला काही टक्के घरं सोडून देतात, असं घातल्याशिवाय उत्तर फाजील आशादायक येईल.

प्राध्यापक, हिंगणा रोड: विद्यार्थ्यांनी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून नेटवर्क काढलं. सगळे सगळ्यांना जोडलेले आले. ते बरोबर मानायचं का?

नाही. ग्रुप ही यादी आहे, जाळं नाही. 200 जणांच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांशी जोडलंत तर 19,900 जोड्या होतात, आणि असल्या जाळ्यात कुठलंही मॉडेल चालवा, रचनेचा काही परिणाम उरतच नाही. चॅटवरून कोण कुणाला उत्तर देतं हे मोजता येतं, पण त्यात बोलणारे दिसतात, गुपचूप वाचणारे नाहीत. मत मात्र त्यांनाही असतं.

कागदी फॉर्म बरा. प्रश्न ‘तुमचे मित्र कोण’ असा विचारू नका, तो मान-अपमानाचा होतो. विषय बांधून विचारा: ‘कॅम्पस मुलाखतीबद्दल काही ठरवायचं असेल तर तुम्ही वर्गात कुणाशी बोलता?’ नावांसाठी रिकाम्या ओळी ठेवा, पण पाचच ठेवल्या तर पाचच नावं येतील आणि ज्याच्या ओळखी पंधरा आहेत तोही पाचांवर छाटला जाईल. आठ-दहा ओळी ठेवा. प्रत्येक नावापुढे 1 ते 5 मध्ये ‘त्यांच्या मताला किती मानता’ आणि शेवटी तोच प्रश्न स्वतःबद्दल. ते आकडे ओळीच्या बेरजेने भागले की डीग्रूटची वजनं तयार.

बाण एका बाजूचेच राहू द्या. राणीने सोनलचं नाव लिहिलं, सोनलने लिहिलं नाही, तर तो एकतर्फी बाण आहे. सॉफ्टवेअरमध्ये ‘अनडायरेक्टेड’ निवडलं की हा भेद पुसला जातो आणि प्रभाव कुणाचा हेच कळेनासं होतं. ज्याने एकही नाव लिहिलं नाही त्याची ओळ शून्याची होते, भागाकार फसतो आणि कोड थांबतो किंवा, त्याहून वाईट, थांबत नाही. त्याला स्वतःवर 1 वजन द्या, पण फॉर्म न भरलेला आणि कुणाचंच न ऐकणारा यांना एकाच खात्यात टाकू नका. गैरहजर विद्यार्थी पाचात एक असले तर त्या नेटवर्कवर मध्यस्थ कोण वगैरे निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही.

मतं मोजायची तर निदान तीनदा मोजा: चर्चेआधी, मध्ये आणि नंतर. एकाच मोजणीवरून हेका किती ते काढता येत नाही. आणि नावांच्या जागी पहिल्याच दिवशी क्रमांक घाला, नाव-क्रमांकाची यादी वेगळी कुलूपबंद ठेवा, फॉर्मवर संमती घ्या. कोण कुणाला मानत नाही ही माहिती वर्गात फुटली की पुढच्या वर्षी कुणी फॉर्म भरणार नाही.

निवृत्त शिक्षक, महाल: आमच्या मित्रमंडळात दोन तट पडलेत. मधल्या चार-दोन लोकांनी समेट घडवावा, असं वाटतं. मॉडेल याला काय म्हणतं?

सर, मॉडेल म्हणतं की मधला माणूस फार लवकर एका बाजूला जातो. यासाठी देफुआं आणि सहकाऱ्यांचं 2000 चं मॉडेल बघा. मतं 0 ते 1 मध्ये. दोघे यादृच्छिक भेटतात. अंतर ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी असेल तरच एकमेकांकडे सरकतात, नाहीतर नुसता नमस्कार. मर्यादा 0.2 आणि सरकण्याचा वाटा 0.3 असेल तर 0.40 आणि 0.56 भेटल्यावर 0.448 आणि 0.512 होतात. 0.30 आणि 0.56 भेटले तर काहीच होत नाही.

तुमचे तट 0.25 आणि 0.75 वर आहेत, मर्यादा 0.3 आहे, आणि मधला गृहस्थ 0.5 वर आहे असं धरा. सरकण्याचा वाटा 0.5 असेल तर पहिल्या तटातल्या एकाला भेटल्यावर तो 0.375 वर येतो. आता दुसरा तट त्याच्यापासून 0.375 दूर. संवाद संपला, एकाच भेटीत. वाटा 0.1 असता तर तो 0.475 वर आला असता आणि दुसऱ्या बाजूशी अजून बोलू शकला असता. म्हणजे समेटासाठी मनमिळाऊ माणूस नको, जरा चिवट हवा. हे आमचं मत आकड्यांपुरतं, मंडळाची माणसं तुम्हीच ओळखता.

स्वतः चालवून बघायचं असेल तर 500 माणसं आणि 25,000 भेटी घ्या, म्हणजे प्रत्येकी सरासरी शंभर. शेवटी साधारण किती गट उरतील याचा ठोकताळा: 1 भागिले मर्यादेची दुप्पट. मर्यादा 0.1 ला पाचेक गट, 0.2 ला दोन. टोकांना दोन-चार माणसांचे चिल्लर गट उरतात, ते गटांच्या संख्येत मोजू नका, वेगळे नोंदवा. सरकण्याचा वाटा 0.5 च्या वर नेऊ नका, माणसं एकमेकांना ओलांडून पलीकडे जातात. हेगसेलमान आणि क्राउझे यांचं 2002 चं मॉडेल दिसायला सारखं आहे, पण त्यात प्रत्येक जण मर्यादेतल्या सगळ्यांची एकदम सरासरी घेतो. एकमताला लागणारी मर्यादा तिथे वेगळी येते, म्हणून एकाचे आकडे दुसऱ्याला लावू नका.

संत्रा बर्फीचा घरगुती व्यवसाय, काटोल रोड: जाहिरातीसाठी दोन इन्स्टाग्रामवाल्यांना पैसे देण्याइतकं बजेट आहे. सगळ्यात जास्त फॉलोअरवाले दोघे घ्यावेत ना?

ताई, आधी त्यांचे फॉलोअर एकमेकांत किती मिसळलेले आहेत ते बघा. पहिल्याचे कामाचे, म्हणजे नागपुरात राहणारे आणि ऑर्डर देऊ शकणारे, 400. दुसऱ्याचे 380, पण त्यातले 350 पहिल्याचेच. तिसऱ्याचे 150 आणि सगळे वेगळे. पहिला-दुसरा घेतलात तर 430 लोक, पहिला-तिसरा घेतलात तर 550. एकेक निवडत जायचं आणि दरवेळी ‘नवे किती मिळाले’ एवढंच बघायचं, ही रीत केम्प, क्लाइनबर्ग आणि टार्डोस यांनी 2003 मध्ये तपासली. त्यांच्या मॉडेलांत ती सर्वोत्तम निवडीच्या निदान 63 टक्के परिणाम देते. बऱ्याच माणसांचा अचूक सर्वोत्तम संच शोधणं मोठ्या जाळ्यात संगणकालाही झेपत नाही, आणि दोनच माणसं निवडायची असताना त्याची गरजही नाही.

त्याहून स्वस्त उपाय: वीस गिऱ्हाइकांना विचारा, ‘एखादी गोष्ट सगळीकडे पोचवायची असेल तर तुमच्या ओळखीत कुणाला सांगाल?’ कर्नाटकातल्या गावांत बॅनर्जी, चंद्रशेखर, डुफ्लो आणि जॅक्सन यांनी हाच प्रश्न वापरला होता. लोकांना जाळ्याचा नकाशा माहीत नसतो, पण कुणाच्या तोंडून गोष्ट फिरते हे बरोबर माहीत असतं.

वाचक, सीताबर्डी: प्रभागात कोण निवडून येणार, हे यातून सांगता येईल का?

नाही. एकसारखं मत असलेले दोन मित्र दिसले तर एकाने दुसऱ्याला पटवलं, की मतं जुळत होती म्हणूनच मैत्री झाली, की दोघे एकाच पानठेल्यावर तेच ऐकत होते? नुसत्या निरीक्षणातून हे वेगळं काढणं किती अवघड आहे ते शालिझी आणि थॉमस यांनी 2011 मध्ये दाखवलं. मॉडेल ‘असं झालं तर काय होईल’ याला बरं. अंदाजाचा दावा कुणी केलाच तर त्याला एकच विचारा: ‘प्रत्येकाचं मत मागच्या वेळेसारखंच राहील’ या बिनडोक अंदाजापेक्षा तुमचा किती टक्क्यांनी बरा आला? तोही अशा माणसांवर, ज्यांची माहिती मॉडेल बसवताना वापरली नव्हती.

अभियांत्रिकीचा विद्यार्थी, वाडी: साधा 8 जीबी रॅमचा लॅपटॉप चालेल का?

चालेल. कोडिंग येत नसेल तर नेटलोगो, फुकट आहे आणि त्याच्या मॉडेलांच्या संग्रहात मतदानाचं आणि अफवेचं मॉडेल तयार मिळतं. येत असेल तर पायथन आणि त्यातली नेटवर्कएक्स ही लायब्ररी. सरावाला झॅकरी यांचं कराटे क्लबचं 34 जणांचं आणि 78 जोड्यांचं जाळं घ्या, नेटवर्कएक्समध्ये ते आधीच आहे. मग स्टॅनफर्डने खुलं ठेवलेलं फेसबुकचं जाळं, 4,039 माणसं आणि 88,234 जोड्या. एक लाख माणसांवर गेलात की मॅट्रिक्स पूर्ण भरू नका: आठ बाइटच्या एका आकड्याने ते 80 जीबी होतं. प्रत्येकाच्या सरासरी 40 ओळखी असतील तर ‘स्पार्स’ पद्धतीने, म्हणजे शून्य नसलेले आकडेच साठवून, तेच पन्नास एमबीच्या आसपास बसतं. यादृच्छिकता असलेलं मॉडेल प्रत्येक आकड्यासाठी निदान शंभरदा चालवा, सरासरीसोबत पसाराही (उत्तरं किती विखुरली ते) छापा, आणि प्रत्येक रनचा सीड नंबर (यादृच्छिक आकडे ज्या आकड्यापासून सुरू होतात तो) फाइलच्या नावातच टाका. नाहीतर गाइडने ‘तो मधला आलेख पुन्हा काढून दाखव’ म्हटलं की तो आलेख पुन्हा येत नाही.